एकतीस घरांचा डबा

लोकरीच्या कामातलं मला काही कळत नाही, असं आमच्या गावच्या बायका अजून म्हणतात. पण एक डबा मी माझ्या हातानं केलेला आहे. प्लॅस्टिकच्या जाळीचा, चौकोनी, झाकणाचा, वर तांबड्या-हिरव्या लोकरीची नक्षी. तसले डबे तेव्हा घरोघर फळीवर नाहीतर रेडिओवर ठेवलेले दिसायचे. आत सुया, बटणं, पोस्टाची कार्डं असायची. पुष्कळ डब्यांत काहीच नसायचं. माझी शाळा दुसरीपर्यंत. लिहिण्यात चुका निघतील, पण घडलं ते घडलं तसं लिहितो.

आमचं गाव परंडा तालुक्यात. माझे वडील मापारी होते. म्हणजे खळ्यावर रास झाली की ज्वारी मापानं मोजून द्यायची, हे त्यांचं काम. त्यांनी मोजलेलं कुणी पुन्हा मोजलं नाही. आठ गावांत तशी पत होती. मीही त्यांच्या हाताखाली मोजायला शिकलो. पुढं काटे आले, बाजार समित्या आल्या, आणि मापाऱ्याला कोण विचारतो. मोठ्या दुष्काळात खडी फोडायला गेलो, तर तिथंही मुकादमानं मला पाट्या मोजायला उभं केलं. मापाऱ्याचा पोरगा म्हणून. मोजण्यात माझी चूक होते असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याच्या घरचं पाणी प्यायलो नसतो.

त्या दुष्काळानंतर दहा-बारा वर्षांनी पुन्हा दोन सालं पावसानं दगा दिला. मोठ्या दुष्काळाएवढं नव्हतं, पण खळी रिकामी होती. दुधाची संस्था गावात नवीनच झाली होती, पण चाराच नाही तर दूध कुठलं. सकाळी दोन कॅन भरायचे, मग संस्थेची खोली दिवसभर मोकळी. त्या खोलीत बायकांचा क्लास सुरू झाला. धाराशिवला बायकांची एक सहकारी संस्था होती. तिची एक बाई आठवड्यातून दोनदा एसटीनं यायची आणि लोकरीचं काम शिकवायची. जाळी आणि लोकर सोलापूरहून यायची. केलेल्या वस्तू संस्था घेऊन जायची.

क्लास तीन महिन्यांचा. त्यानंतर बाई येणार नव्हती. गावातलीच एक बाई निवडून तिच्यावर क्लास सोपवायचा, असं ठरलं होतं. जाळी, लोकर, कात्र्या असलेली पत्र्याची पेटी मग तिच्या घरी राहणार, आणि संस्था तिला महिन्याला पगार देणार. निवडायचं कसं? शेवटच्या सोमवारी प्रत्येकीनं झाकणाचा एक डबा करून आणायचा. तो बघून बाई ठरवणार.

माझ्या बायकोला ते काम पाहिजे होतं. तिनं मला तसं सांगितलं नाही. एक दिवस आमच्या घरातली रिकामी कणगी तिनं एकटीनंच ओढून पडवीत नेली आणि ती जागा सारवून घेतली. मी विचारलं, "हे काय काढलं?"

"पेटी ठिवायला जागा लागंल," ती म्हणाली.

"अजून मिळाली कुठं?"

"न्हाय मिळाली तर कणगी हाय की परत आणाया."

ती चौथी शिकलेली. लोहाऱ्याकडची. तिचे वडील आठवडी बाजारात भुसार विकायचे. बोलायला मोजकी, कामाला चोख. तिच्याशिवाय त्या कामाच्या मागं होती आमची वहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको, शेजारच्याच घरात राहायची. वहिनीचा हात सफाईचा आणि जीभ त्याहून सफाईची. क्लासात बायका पंधरा होत्या, पण पेटी जाणार ती आमच्या दोन घरांपैकी एकात, हे सगळ्यांना दिसत होतं.

बायकोनं आधी झाकण केलं. क्लासमध्ये बाईसमोर बसूनच जाळी कापली. त्या जाळीच्या भोकांना घरं म्हणायचे. डबा तीस घरांचा, तर झाकण बत्तीस घरांचं. दोन घरं जास्त अशासाठी की झाकण डब्याच्या वरून खाली उतरलं पाहिजे. झाकण छान झालं. चारी बाजूंनी पाच-पाच घरांची पट्टी, कडेनं तांबडा काठ. ते तिनं फळीवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या उजव्या अंगठ्याला नखुर्डं झालं.

नखुर्डं ज्याला झालंय त्यालाच माहीत. अंगठा सुजून वांग्यासारखा झाला, रात्री ताप आला. लिंबाला भोक पाडून ते अंगठ्यावर बसवलं, हळद-तेल झालं, पण सुई धरणं शक्य नव्हतं. आणि सोमवार सहा दिवसांवर.

वहिनी बघायला आली. अंगठा बघून हळहळली, ते खोटं नव्हतं. मग फळीवरचं झाकण हातात घेऊन म्हणाली, "झाकण झालं, डबा न्हाय. आता भावजीनं शिवावा की. बसूनच तर असत्यात."

मी म्हणालो, "शिवंन की. त्यात काय हाय?"

"बया! मग सोलापूरच्या जाळीसंगं बांगड्या मागवू का भावजी, डझनभर?"

"मागवा. पर आदी तुमच्या डब्याचा काठ बगा, ढिला झालाय."

ती हसत गेली. मी बोलून बसलो होतो. बोललेलं मागं घ्यायची आमच्यात रीत नाही. बायको बाजेवर पडून होती, तिला म्हणालो, "सांग कसं करायचं."

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमाला न्हाय जमायचं."

"बाज विणतो मी. ह्याच्यात बाजेपरीस काय अवघड हाय?"

ती आढ्याकडं बघत म्हणाली, "बाजू चार, बूड एक. बाजू तीस घरं लांब, वीस उंच. बूड तीसला तीस. कातरी घराच्या मधनं चालवायची, काडीवर न्हाय." एवढं बोलून तिनं डोळे मिटले. ताप होता.

मी उंबऱ्यात बसलो, जाळी मांडीवर घेतली, घरं मोजली आणि कापली.

दुसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला आणि तिनं मला टाका शिकवला. डाव्या हातानं दाखवायची. खालून सुई वर काढायची, तिरपी एक घर सोडून खाली घालायची. सुई बोथट, जाड, गोणी शिवायच्या दाभणासारखी. पहिल्या दिवशी मी लोकर एवढी आवळली की जाळी द्रोणासारखी वळली.

"आवळू नगा. बाज न्हाय ती, वर कुणी झोपणार न्हाय."

"ढिलं काम मला आवडत न्हाय."

"मग उसवा. लोकरीला आवडत न्हाय आवळलेलं."

उसवलं. ह्या क्लासात आणखी एक गोष्ट कळली. तिला चूक सांगताना आवाज चढवावा लागत नसे. मी चिडलो तर ती गप्प बसायची. माझी चीड उतरली की तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात. चार दिवस मी दिवसभर उंबऱ्यात बसून टाके घातले. रस्त्यानं जाणारे बघायचे. एक-दोघांनी विचारलं, "काय चाललंय?" मी म्हणालो, "दिसतंय ते." तिसऱ्यानं विचारलं नाही.

नक्षी शंकरपाळ्यांची होती. दहा-दहा घरांवर एक शंकरपाळी, ओळीनं तीन. बाईनं क्लासात आणलेल्या नमुन्याच्या डब्यात शेवटच्या शंकरपाळीचं टोक काठाखाली जायचं. माझ्या डब्यात ते टोकसुद्धा पुरतं बसलं. मला वाटलं, हात बसला. वाटणारच.

शनिवारी दुपारी चारी बाजू बुडाला जोडल्या, कडेनं तांबडा काठ मारला. डबा जमिनीवर ठेवला. बायको उठून बसली. फळीवरचं झाकण तिनं डाव्या हातानं काढलं आणि डब्यावर ठेवलं.

ते वर बसलं, खाली उतरलं नाही. पोराची टोपी बापाच्या डोक्यावर ठेवावी तसं नुसतं टेकून राहिलं. मी वरून दाबलं. एक कोपरा उतरला, दुसरा वर आला.

तिनं डबा मांडीवर घेतला आणि नखानं घरं मोजायला लागली. लोकरीखालची घरं मोजायला वेळ लागतो. एक बाजू मोजली, मग बूड मोजलं.

"एकतीस हाईत," ती म्हणाली.

"तीस मोजलीत मी."

"कशी मोजली? माज्यापुढं मोजून दावा."

उरलेल्या जाळीचा एक लांब, अरुंद तुकडा होता. तो घेऊन मी बोट ठेवत गेलो. "लाभ. एक, दोन, तीन..."

"थांबा," ती म्हणाली.

इथं सांगायला पाहिजे. खळ्यावर मोजताना आमच्याकडं पहिलं माप भरलं की 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणायचं आणि ते माप बाजूला ओतायचं. ते देवाचं, गावच्या मागत्यांचं, पाखरांचं. ते मोजणीत धरायचं नाही. मोजणी त्याच्या पुढं, एकपासून. वडिलांनी मला तसं शिकवलं आणि माझ्या बोटाला ते बसलं. मी पायऱ्या मोजल्या तरी लाभपासून, शेळ्या मोजल्या तरी लाभपासून. खडीच्या कामावर पाट्याही तशाच मोजल्या. तिथं रोज सरकारला एक पाटी फुकट गेली असेल.

तिच्या माहेरी वेगळं. तिचे वडील दुकानदार. तेही पहिल्या मापाला लाभच म्हणायचे, पण लाभ म्हणजेच एक. पुढं दोन. विकणाऱ्यानं रोज पहिलं माप देवाला दिलं तर दुकान कसं चालायचं.

"लाभाचं घर तुमी मोजलंच न्हाय," ती म्हणाली. "ते तसंच सोडून पुढं एक, दोन. तीस झाली तवा घरं एकतीस."

"लाभ मोजत न्हाईत."

"खळ्यावर न्हाय मोजत. माज्या डब्यात देवाचा वाटा कशाला?"

"माझं मोजणं चुकलेलं न्हाय. नक्षी बघ. बाईच्या डब्यात टोक गायब, माझ्यात पुरतं आलंय. तुझं झाकणच बारीक झालं."

"झाकण बाईपुढं कापलंय."

"मग बाईचं चुकलं."

नवं झाकण करायला जाळी उरली नव्हती. प्रत्येकीला जाळीचा एकच पत्रा मिळालेला. एक-एक घर जास्त घेतल्यामुळं माझ्या तुकड्यांनी सगळा पत्रा खाल्ला होता. राहिला एकच इलाज. डबा उसवायचा, प्रत्येक तुकड्याची एक ओळ कापायची, पुन्हा शिवायचा. दीड दिवस होता. झालंही असतं.

मी म्हणालो, "मी उसवणार न्हाय."

उसवणं म्हणजे मान्य करणं. चार दिवस उंबऱ्यात बसलेलं सगळ्या गावानं बघितलं होतं. पाचव्या दिवशी उसवताना बघितलं असतं, तर कशामुळं, हे विचारलं असतं. आणि उत्तर एकच होतं, मापाऱ्याच्या पोरानं तीस घरं चुकीची मोजली. मी टोपी घातली आणि मळ्याकडं गेलो. मळ्यात काही काम नव्हतं. विहिरीत पाणी नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत बसलो.

परत आलो तर ती डाव्या हातात कातरी धरून काठ उसवायचा प्रयत्न करत होती. डाव्या हाताला कातरी चालत नाही. एक टाका निघाला होता. मी आलेला बघून तिनं कातरी खाली ठेवली. मी टोपी खुंटीला लावली. रविवार तसाच गेला. आमच्या घरात त्या दिवशी बोलणं झालं ते मिठाबद्दल.

सोमवारी ती डबा आणि झाकण पदराखाली घेऊन क्लासला निघाली. मी मागून गेलो. दुधाच्या संस्थेत माझं काम होतं असं नाही. खोलीच्या बाहेर कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्या पारावर बसलो. दार उघडं होतं. आत बोललेलं सगळं ऐकू येत होतं.

बाईनं एकेक डबा बघितला. वहिनीच्या डब्याचं झाकण लावताना आवाज झाला नाही, असं बाई म्हणाली. चांगलं बसलं म्हणजे. मग माझ्या बायकोची पाळी आली.

"टाके चांगले आहेत," बाई म्हणाली. "थोडे आवळलेत. पण हे झाकण का बसत नाही?"



वहिनी म्हणाली, "बाई, तिचा न्हायच तो डबा. आमच्या भावजीनं केलाय. सगळ्या गावानं बघितलंय."

बायका हसल्या. बाईनं विचारलं, "खरं का?"

"व्हय," माझी बायको म्हणाली. "अंगठ्याला नखुर्डं झालं. झाकण माजं हाय. टाके मालकाला शिकवून करून घेतले."

"बया, भावजीला शिकवलं!" वहिनी म्हणाली. "म्हशीला दुसरीत बसवल्यावानी झालं!"

पुन्हा हसणं. बाईही हसली असावी. मग ती म्हणाली, "शिकवलं हे चांगलंच. पण ज्या बाईकडं मी क्लास देणार, तिला चूक कशात आहे ते तरी सांगता आलं पाहिजे. झाकण का बसत नाही? कुठं चुकलं?"

माझी बायको गप्प. तिला माहीत होतं. शनिवारीच माहीत झालं होतं, एका झटक्यात. तिथं एक वाक्य बोलली असती, की मालकानं लाभ धरला नाही, तरी पेटी तिची होती. ते ती चौदा बायकांपुढं बोलणार नव्हती. त्या चौदा बायका चौदा घरांत गेल्या असत्या.

"मला वाटतं, झाकणच लहान कापलं गेलंय," बाई म्हणाली.

"तसंच असंल," माझी बायको म्हणाली.

मी उठलो. उठायचं ठरवलं होतं असं सांगणार नाही. पाय आत गेले. दारात चपला काढल्या. खोलीत सकाळच्या दुधाचा वास होता. बायकांनी पदर सारखे केले.

मी म्हणालो, "झाकण बरोबर हाय. बत्तीस घरं हाईत, मोजून बघा. डब्याची घरं मी मोजली. आमी लाभ मोजणीत धरत न्हाय. ती एकतीस झाली."

बाई शहरची. तिला लाभ काय ते कळलं नाही. पण आतल्या बायकांना कळलं. कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, खळ्यासारखं मोजलं व्हय!" मग तिनंच बाईला समजावून सांगितलं.

"म्हणजे भाऊ, तुमचं मोजणं चुकलं," बाई म्हणाली.

"चुकलं न्हाय," मी म्हणालो. "एक जास्त झालं."

आता कुणी हसलं तर मी काय करणार होतो, ते मला माहीत नाही. हसली फक्त वहिनी, तीही तोंडावर पदर धरून. बाई माझ्या बायकोकडं वळली.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"कधी कळलं?"

"झाकण ठिवलं तवाच. त्यांना मोजाया लावलं, एका बोटात कळलं."

"मग मघाशी बोलला का नाही?"

माझ्या बायकोनं अंगठ्याची चिंधी नीट केली. "घरातलं होतं," ती म्हणाली.

बाई थोडा वेळ डबा फिरवून बघत बसली. मी तिला म्हणालो की नक्षी एकतीसलाच पुरी बसते, तीसला टोक जातं, हवं तर बघा. तिनं बघितलं. म्हणाली, "बसते खरी. पण एकतीस घेतली तर पत्र्यात तेहतीसचं झाकण निघत नाही." ते मी मान्य केलं नाही, पण उत्तरही दिलं नाही.

शेवटी तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि पेटीची किल्ली माझ्या बायकोच्या डाव्या हातात दिली. वहिनीला म्हणाली, "हात तुमचा चांगला आहे, माल तुमचाच जास्त जाईल. पण शिकवायचं काम वेगळं. ह्यांनी कुणाला शिकवलंय बघा ना." वहिनी म्हणाली, "बघतीय की, दारातच उभं हाईत." मग आठ दिवस ती आमच्या घरी आली नाही. नवव्या दिवशी लोकर मागायला आली.

क्लास पुढं पाच-सहा वर्षं चालला. मग बाजारात प्लॅस्टिकचे तयार डबे आले, धाराशिवची संस्थाही मोडली. मी दुसरा डबा केला नाही. तो एक बाईनं नेला नाही. नमुना म्हणून चालणार नव्हता. माझ्या बायकोनं तो झाकणाशिवाय वापरला, आत रिळं ठेवायची.

त्या सोमवारी पेटी मी डोक्यावर घेतली. पत्र्याची होती, जड होती. ती मागून किल्ली मुठीत धरून येत होती. वाटेत माणसं बघत होती. घराजवळ आल्यावर तिनं विचारलं, "आत कशाला आला होता?"

मी म्हणालो, "तुझ्या झाकणाला नावं ठेवत होत्या."

ती पावलं उचलून माझ्या पुढं गेली आणि घराचं दार उघडायला लागली.